पाच हजारांच्या आतला चोर

१ जुलै २०२४ रोजी भारतीय दंड संहिता गेली आणि भारतीय न्याय संहिता आली. त्या दिवशी साताऱ्याच्या खण आळीत किंवा सांगलीच्या हरभट रोडवर दुकाने नेहमीसारखी उघडली आणि नेहमीसारखी बंद झाली. कलमांचे आकडे बदलले, एवढेच बहुतेकांच्या कानावर आले. खुनाचे ३०२ गेले, फसवणुकीचे ४२० गेले, यावर थोडे विनोदही झाले. छोट्या दुकानदाराच्या गल्ल्यापाशी येऊन ठेपणारा एक बदल मात्र त्या गडबडीत कोणी समजावून सांगितला नाही. गिऱ्हाईक म्हणून आलेल्या माणसाने उचललेला माल पाच हजार रुपयांपेक्षा कमी किमतीचा असेल, तर त्या चोरीकडे कायदा आता वेगळ्या नजरेने पाहतो. हे ज्याला ठाऊक नाही तो दुकानदार चोर पकडण्याच्या भरात स्वतःच आरोपी होऊन बसू शकतो, आणि हा धोका पूर्वीपेक्षा वाढला आहे.

जुन्या कलम ३७९ मध्ये चोरीला तीन वर्षांपर्यंत कैद होती, आणि माल शंभराचा असो की लाखाचा, गुन्हा दखलपात्र आणि अजामीनपात्र असे. नव्या कलम ३०३(२) मध्येही तीन वर्षे कायम आहेत; दुसऱ्यांदा दोषी ठरलेल्याला तर किमान एक वर्ष आणि कमाल पाच वर्षे सक्तमजुरी आहे. पण त्याला एक परंतुक जोडले आहे. माल पाच हजारांच्या आतला, माणूस पहिल्यांदाच दोषी ठरलेला, आणि त्याने माल किंवा मालाची किंमत परत केलेली असेल, तर शिक्षा एकच: समाजसेवा. अशा चोरीला भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या परिशिष्टात अदखलपात्र आणि जामीनपात्र ठरवले आहे. म्हणजे पोलिस ठाण्यात ‘एनसी’ नोंदवली जाते आणि तक्रारदाराला न्यायदंडाधिकाऱ्याकडे जायला सांगितले जाते. त्यांच्या आदेशाशिवाय पोलिस तपास करू शकत नाहीत. ठाणे अंमलदार ‘आमच्या हातात काही नाही’ म्हणतो तेव्हा दर वेळी तो टाळाटाळ करत असतोच असे नाही.

खरी मेख पुढे आहे. सामान्य नागरिकाने कोणाला पकडून ठेवावे, याचा अधिकार नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ४० मध्ये आहे. आपल्या डोळ्यांदेखत दखलपात्र आणि अजामीनपात्र गुन्हा घडला तर त्या माणसाला पकडता येते, आणि सहा तासांच्या आत पोलिसांच्या ताब्यात द्यावे लागते. दोन्ही अटी एकदम पुऱ्या व्हाव्या लागतात. चारशे रुपयांचे बेदाण्याचे पाकीट उचललेला माणूस या दोन्हींतल्या एकाही अटीत बसत नाही. उलट, त्याला मागच्या गोदामात कोंडून कडी लावली तर ती अन्यायाने केलेली कैद ठरू शकते. न्याय संहितेच्या कलम १२७ खाली तिला एक वर्षापर्यंत शिक्षा आहे, आणि ती दखलपात्र आहे. चोरीसाठी पोलिसांना न्यायदंडाधिकाऱ्यांची परवानगी लागेल, पण चोराला कोंडणाऱ्या दुकानदारावर ते त्याच संध्याकाळी थेट गुन्हा नोंदवू शकतात.

यावर एखादा जाणकार वकील म्हणेल की दुकान म्हणजे माल सांभाळून ठेवण्याची इमारत, तेव्हा इथे कलम ३०५ लागते, म्हणजे जुने ३८०. त्यात सात वर्षांपर्यंत कैद आहे, पाच हजारांची सवलत नाही आणि गुन्हा दखलपात्र आहे. म्हणणे बरोबर आहे. पण ३०३ लावायचे की ३०५, हे गल्ल्यामागे उभ्या असलेल्या माणसाच्या हातात नसते. ते ठाण्यात ठरते, कधी न्यायालयात बदलते. समोरच्या माणसाला पूर्वी शिक्षा झाली आहे का, हेही त्या क्षणी कोणाला माहीत नसते. तेव्हा दुकानदाराने आपल्याला पकडण्याचा अधिकार नाही असेच धरून चालावे. तो असल्याचे पुढे निघाले तर काही बिघडत नाही. नसल्याचे निघाले तर फार बिघडते.

मोबाइलवर फिरणारे सल्ले इथे घात करतात. अमेरिकेतल्या बहुतेक राज्यांत दुकानदाराला वाजवी संशयावरून गिऱ्हाईक थोडा वेळ अडवून ठेवण्याची कायदेशीर मुभा आहे. आपल्याकडे दुकानदारासाठी असा स्वतंत्र कायदा नाही. तिकडच्या मॉलमधली दृश्ये पाहून सांगलीच्या विश्रामबागेतल्या सुपरमार्केटने दाराशी रखवालदार उभा केला आणि त्याला ‘संशय आला की बॅगा तपास, नाही म्हणाले तर आत बसव’ असे सांगितले, तर तो पगारी माणूस मालकाच्या नावावर रोज गुन्हे करत असतो.

मग दुकानदाराने हात बांधून बघत बसायचे का? नाही. आपल्या मालमत्तेच्या खासगी बचावाचा हक्क कायद्यात आहे आणि तो चोरीलाही लागू आहे. न्याय संहितेच्या कलम ४३ प्रमाणे चोरीविरुद्धचा हा हक्क चोर माल घेऊन निसटेपर्यंत, किंवा पोलिसांची मदत मिळेपर्यंत, किंवा माल परत मिळेपर्यंत टिकतो. दुकानदाराने पाठ करून ठेवावी अशी ही ओळ आहे. साडी पिशवीतून बाहेर आली, काउंटरवर ठेवली गेली, की हक्क संपला. त्यानंतरची प्रत्येक थप्पड हा बचाव नसून मारहाण आहे, आणि तिला कलम ११५ खाली एक वर्षापर्यंत शिक्षा आहे. माल परत येण्यापूर्वीसुद्धा लागेल तेवढेच बळ वापरता येते.

आपल्या बाजारपेठांत प्रत्यक्षात घडते ते नेमके या रेषेपलीकडचे. माल मिळालेला असतो, गर्दी जमलेली असते, आणि मालकाला वाटते की आता धडा शिकवला पाहिजे. उल्हासनगरमध्ये मे २०१७ मध्ये चकलीचे पाकीट घेतल्यावरून आठ-नऊ वर्षांच्या दोन मुलांचे केस कापले गेले, गळ्यात चपलांची माळ घालून त्यांना उघडे फिरवले गेले आणि त्याचे चित्रण पसरले. अटक झाली ती दुकानदाराला आणि त्याच्या मुलांना. ऑगस्ट २०२३ मध्ये श्रीरामपूर तालुक्यातल्या हरेगावात शेळी आणि कबुतरे चोरल्याच्या संशयावरून चार तरुणांना झाडाला उलटे टांगून मारले. त्या प्रकरणात अनुसूचित जाती-जमाती अत्याचार प्रतिबंधक कायदाही लागला. दोन्ही ठिकाणी चोरी झाली होती की नाही, हा प्रश्न एका दिवसात बिनमहत्त्वाचा झाला.

‘दहापट दंड’ ही दुसरी खोड, आणि ती सभ्य दिसते म्हणून जास्त धोक्याची. ‘पोलिसांना बोलावू की पाच हजार देतेस?’ असे विचारून सव्वाशे रुपयांच्या क्रीमच्या डबीमागे पाच हजार घेणारे दुकानदार स्वतःला दयाळू समजतात. आपण पोरीचे आयुष्य वाचवले अशी त्यांची समजूत असते. मालाची किंमत मागणे हा हक्क आहे. बदनामीची भीती घालून त्याहून जास्त काढणे खंडणीकडे जाते, आणि खंडणीला कलम ३०८ मध्ये सात वर्षांपर्यंत कैद आहे. ‘चोरी करताना पकडल्यास दहापट दंड’ अशी पाटी भिंतीवर लावून ठेवली तर ती पाटी दुकानदाराच्याच विरुद्ध पुरावा म्हणून दाखवली जाऊ शकते. तिसरी खोड व्हॉट्सअॅपची. व्यापाऱ्यांच्या गटात फुटेजमधला चेहरा टाकून ‘ही बाई चोर आहे, सावध राहा’ असे लिहिले की बदनामीचे कलम ३५६ उघडे पडते. चेहरा अठरा वर्षांखालच्या मुलाचा असेल तर बाल न्याय अधिनियमाचे कलम ७४ आड येते. त्यात सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन लाखांपर्यंत दंड आहे. तो मुलगा चोर होता की नव्हता, याने काही फरक पडत नाही.

संशय कोणावर जातो, याबद्दल सातारा-सांगली या आपल्या दोन्ही जिल्ह्यांत फारसे बोलले जात नाही. दुकानात शिरलेल्या नऊवारीतल्या कोणत्या बाईच्या मागे नोकर फिरतो आणि कोणत्या बाईला खुर्ची दिली जाते, हे सगळ्यांना माहीत असते. ब्रिटिशांनी १८७१ मध्ये गुन्हेगार जमातींचा कायदा केला, तो १९५२ मध्ये रद्द झाला. पण काउंटरमागच्या डोळ्यांतून तो गेला असे म्हणवत नाही. पोशाख आणि जात पाहून ठेवलेली पाळत नैतिकदृष्ट्या तर वाईट आहेच, धंद्याच्या दृष्टीनेही खुळेपणाची आहे. सगळे नोकर एका फाटक्या पदराकडे बघत असताना चांगल्या घरचे गिऱ्हाईक निवांतपणे हात साफ करते. संशयाने जमलेली गर्दी कुठवर जाते याचे उदाहरण फार लांबचे नाही. सप्टेंबर २०२२ मध्ये जत तालुक्यातल्या लवंगा गावात उत्तर प्रदेशातून आलेल्या चार साधूंना मुले पळवणारे समजून जमावाने बदडले. त्यांनी एका मुलाला रस्ता विचारला होता.

सांगलीच्या दुकानदाराने आणखी एक गोष्ट विसरू नये. नोव्हेंबर २०१७ मध्ये सांगली शहर पोलिस ठाण्यात लुटीच्या संशयावरून आणलेल्या एका तरुणाचा कोठडीत मारहाणीने मृत्यू झाला आणि त्याचा मृतदेह आंबोलीला नेऊन जाळण्यात आला. त्यात पोलिसांनाच अटक झाली. म्हणून काही ‘साहेब, याला जरा आत घेऊन बघा’ हे वाक्य आपल्या बाजारातून गेलेले नाही. ते बोलणाऱ्याला दोनशे रुपयांचा राग असतो. त्या वाक्याची किंमत काय होऊ शकते हे या शहराने पाहिले आहे.

प्रसंग येतो तेव्हा काय करावे, हे एकदा ठरवून नोकरांनाही सांगून ठेवलेले बरे. माणूस पैसे न देता काउंटर ओलांडेपर्यंत थांबावे, निदान स्वयंसेवेच्या दुकानात तरी. कायद्याने अप्रामाणिक हेतूने वस्तू हलवली की चोरी झाली. पण हेतू सिद्ध करायचा असतो, आणि शेल्फजवळच अडवलेला माणूस ‘मी पैसे देणारच होतो’ म्हणाला तर त्याला खोटे पाडायला काही उरत नाही. मग मोठ्या आवाजात नको, चारचौघांसमोर नको. ‘ताई, एक वस्तू बिलात यायची राहिली वाटते’ एवढे पुरते. निम्म्याहून जास्त वेळा माल तिथेच बाहेर येतो, असे जुने कापडवाले सांगतात. बाईच्या अंगाला किंवा पदराला पुरुषाने हात लावायचा नाही, काहीही झाले तरी. न्याय संहितेच्या कलम ७४ खाली विनयभंगाला एक ते पाच वर्षे आहेत आणि ते अजामीनपात्र आहे. झडती हे पोलिसांचे काम आहे आणि त्यांनाही ती स्त्रीमार्फत, सभ्यतेनेच घ्यावी लागते. माल दिसतो आहे पण दिला जात नाही, वाद वाढतो आहे, तर ११२ ला फोन करावा आणि फोन केला ती वेळ लिहून ठेवावी. माणूस निघून गेला तर जाऊ द्यावा. मागे पळत जाऊन साताऱ्याच्या राजपथावर झटापट करण्याइतका कोणताही पेढ्याचा डबा महाग नसतो.

मुलांचा प्रश्न वेगळा. सात वर्षांखालच्या मुलाने केलेली कोणतीही गोष्ट कायद्याने गुन्हाच नाही. त्याहून मोठ्या मुलांच्या किरकोळ गुन्ह्यात बाल न्याय नियमांनुसार पोलिस सहसा गुन्हा नोंदवत नाहीत. डायरीत नोंद करून मुलाच्या घरच्या परिस्थितीचा अहवाल बाल न्याय मंडळाकडे पाठवतात. शाळेच्या गणवेशातले पोर चॉकलेट उचलताना दिसले तर आईवडिलांना बोलवावे, वस्तू घ्यावी, विषय संपवावा. शाळेला कळवण्याचीही गरज नाही.

मग खटला कधीच करायचा नाही का? करायचा, पण निवडून. पाच हजारांच्या वरचा माल, एकच माणूस पुन्हा पुन्हा, लग्नसराईत तिघी-चौघींनी मिळून साड्यांचे गठ्ठे उचलणे, सराफाकडे खरी अंगठी उचलून खोटी ठेवणे, आणि नोकराची चोरी. इथे गप्प बसणे शेजारच्या दुकानाला खड्ड्यात घालणे आहे. दखलपात्र गुन्ह्याची फिर्याद पोलिसांनी नोंदवलीच पाहिजे, हे सर्वोच्च न्यायालयाने ललिता कुमारी प्रकरणात २०१३ मध्ये स्पष्ट केले आहे. नोंदवली नाही तर पोलिस अधीक्षकांकडे लेखी अर्ज, तरीही नाही तर न्यायदंडाधिकारी, असा रस्ता आहे.

पण ठाण्याच्या पायरीवर जाण्याआधी दुकानदाराने स्वतःची वही उघडून बघावी. मालाची किंमत काय, हा आता पहिला प्रश्न आहे, कारण पाच हजारांच्या अलीकडे की पलीकडे यावर सगळे अवलंबून आहे. खरेदीचे बिल नाही, स्टॉकची नोंद नाही, साडीला लावलेली चिठ्ठी फाटून गेली, तर साडेपाच हजारांची पैठणी सिद्ध कशाने करणार? कच्च्या पावत्यांवर धंदा करणाऱ्याला इथे स्वतःचीच सवय नडते. चोरीचा माल दाखवायचा तर तो माल आपल्याच दुकानातला होता हेही दाखवावे लागते, आणि अनेक फिर्यादी इथेच थंड पडतात.

दुसरे, फुटेज. कॅमेरा बसवला म्हणजे पुरावा झाला असे नाही. जालना मतदारसंघातील २०१४ च्या निवडणुकीच्या वादात, अर्जुन खोतकर प्रकरणात, सर्वोच्च न्यायालयाने २०२० मध्ये सांगितले की मूळ यंत्र हजर केले नाही तर इलेक्ट्रॉनिक पुराव्याच्या प्रतीसोबत प्रमाणपत्र लागतेच. नव्या भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ मध्ये हे प्रमाणपत्र दोन भागांत आहे: एक यंत्र सांभाळणाऱ्याचा, दुसरा तज्ज्ञाचा, आणि त्यात फाइलचे हॅश मूल्य, म्हणजे ती बदललेली नाही हे दाखवणारी सांकेतिक खूण, नोंदवायचे असते. दुकानदार मोबाइलने पडद्याचे चित्रण करून घेतो, तेच व्हॉट्सअॅपवर हवालदाराला पाठवतो, आणि डीव्हीआरमधले मूळ चित्रण काही दिवसांत आपोआप पुसले जाते. कॅमेरा बसवणाऱ्याला आधीच विचारून ठेवावे: किती दिवसांचे साठते, घड्याळ बरोबर आहे का, प्रत कशी काढायची, आणि प्रमाणपत्रावर सही तू करशील का. या शेवटच्या प्रश्नावर बरेच जण अडखळतात.

खटल्याची भीती मात्र थोडी कमी करावी अशी तरतूद नव्या संहितेत आहे. वीस हजारांपर्यंतच्या मालाच्या चोरीचा खटला आता संक्षिप्त पद्धतीने चालवायचा आहे. पूर्वी ही मर्यादा दोन हजार होती. अशा खटल्यात तीन महिन्यांपेक्षा जास्त कैद देता येत नाही. मुद्देमालाचे वर्णन आणि छायाचित्रे चौदा दिवसांत करून त्याची पुढची व्यवस्था लावण्याचेही बंधन आले आहे, त्यामुळे सुपुर्दनाम्यावर माल सोडवून आणताना तो जुना झाला, फॅशन गेली, ही कापडवाल्यांची जुनी तक्रार निदान कागदावर तरी ऐकली गेली आहे. आणि ३०३ खालचा गुन्हा मालमत्तेच्या मालकाला न्यायालयासमोर आपसात मिटवता येतो. ३०५ खालचा त्या यादीत नाही. तेव्हा ‘मोठे कलम लावा’ असा आग्रह धरणाऱ्याने लक्षात ठेवावे की ते लागले की मिटवण्याचा दरवाजाही बंद होतो. उलट दुकानदारावरच मारहाणीचा गुन्हा दाखल झाला, तर तो रद्द करून घेण्यासाठी सातारा-सांगलीकरांना आता मुंबईला जावे लागत नाही. ऑगस्ट २०२५ पासून उच्च न्यायालयाचे फिरते खंडपीठ (सर्किट बेंच) कोल्हापुरात बसते. अंतर कमी झाले. वकिलाचे शुल्क किती कमी झाले, ते ज्याचे त्याला कळेल.

पाच हजारांची ही रेघ चुकीची आहे का? माझ्या मते तत्त्व बरोबर आहे. साबणाच्या वडीसाठी माणूस जामीनदार मिळेना म्हणून महिनोन्‌महिने कैदेत सडावा, हे कोणत्याही शहाण्या राज्याला शोभत नाही. पण राज्याने आपले ओझे उतरवताना ते कोणाच्या डोक्यावर ठेवले, हेही पाहिले पाहिजे. इंग्लंडने २०१४ मध्ये २०० पौंडांच्या आतल्या दुकानचोरीला हलका गुन्हा ठरवले. पोलिस आता येतच नाहीत ही तिथल्या दुकानदारांची तक्रार इतकी वाढली की तो नियम मागे घेण्याचे विधेयक सरकारला २०२५ मध्ये आणावे लागले. कॅलिफोर्नियात त्याच वर्षी, २०१४ मध्ये, ९५० डॉलरची रेघ आखली गेली आणि दहा वर्षांनी, नोव्हेंबर २०२४ मध्ये, मतदारांनीच सराईत चोरांसाठी ती पुन्हा कडक केली. रेघ माहीत झाली की तिच्या आत राहून चोरणारे तयार होतात, हा तिथला अनुभव. आपल्याकडे ती अजून दुकानदारालाही माहीत नाही आणि चोरालाही. पण चोराला आधी कळेल, अशी मला भीती वाटते.

म्हणून जोर खटल्यापेक्षा दुकानाच्या रचनेवर हवा. किराण्यात विक्रीवर शंभराला दहा सुटत असतील तर तीनशेचा माल गेला की तो भरून काढायला तीन हजारांची जादा विक्री लागते. विम्यावर विसंबू नये. दुकानाच्या बहुतेक पॉलिसींत चोरी म्हणजे कुलूप फोडून झालेली चोरी. जुन्या पद्धतीच्या दुकानात बचाव आपोआप होता. गादीवर बसून एक जण साड्या उलगडायचा, दुसरा घड्या घालून मोजून ठेवायचा. सराफ एक ट्रे आत गेल्याशिवाय दुसरा बाहेर काढत नसे. वाण्याच्या बरण्या त्याच्या पाठीमागे असत. मॉलची नक्कल करून आपण माल गिऱ्हाइकाच्या हाताशी आणला, पण मॉलएवढी माणसे ठेवली नाहीत. सगळेच परत काउंटरमागे नेणे आता जमणार नाही. लहान आणि महाग वस्तू, म्हणजे रेझरची पाती, सौंदर्यप्रसाधने, सुकामेवा, तेवढ्या गल्ल्याजवळ आणता येतील, आणि रोज रात्री त्या दहा-पंधरा वस्तूंचीच मोजदाद करता येईल. या मोजदादीचा आणखी एक उपयोग असा की तूट भर गर्दीच्या रविवारी येते की निवांत मंगळवारी, ते दिसते. मंगळवारी येत असेल तर चोर दारातून आत आलेला नाही, तो सकाळी शटर उघडायला असतो. नोकराच्या चोरीला कलम ३०६ मध्ये सात वर्षांपर्यंत शिक्षा आहे. पण तिथेही आधी हिशेब, मग दुसऱ्या कोणाच्या उपस्थितीत विचारणा, मग फिर्याद. परस्पर पगार कापणे नाही आणि कोऱ्या कागदावर सही तर नाहीच.

दोन्ही शहरांतल्या व्यापारी संघटना दिवाळीच्या तोंडावर पोलिसांबरोबर बैठका घेतात आणि त्यात गस्त वाढवण्याची मागणी करतात. त्याऐवजी प्रत्येक बाजारपेठेने वर्षाच्या ठरावीक शुल्कावर एक वकील आणि प्रमाणपत्रावर सही करू शकणारा एक संगणक तंत्रज्ञ बांधून घेतला, आणि घटनेची तारीख, वेळ, माल, किंमत आणि साक्षीदार एवढेच लिहायची एक छापील नोंदवही प्रत्येक दुकानात ठेवली, तर एकट्या दुकानदाराला न परवडणारा खटला दहा दुकानांना मिळून परवडेल. त्या वहीत चेहरे चिकटवू नयेत, जात तर लिहूच नये.